बुधवारी दुपारी व्याख्यान नसतं

बुधवारी दुपारी व्याख्यान नसतं.
तीन दिवस फळा झाला की जंगलात हिंडून यायचं,
डोक्यातला खडू जरा खाली बसतो.
आम्ही सतराजण निघालो, लिपनित्साच्या स्वयंपाकघरामागून.
ऑक्टोबर. करकोचे केव्हाच दक्षिणेला गेलेले,
विजेच्या खांबावर त्यांचं घरटं तेवढं,
कुणी विसरून गेलेल्या टोपलीसारखं.

सकाळी झ्जिस्लावानं फळ्यावर एक लांब शब्द लिहिला होता.
अक्षरं दोनच, क आणि ख, आणि त्यांची उलटी.
क म्हणजे एक पाऊल. उलटा क म्हणजे तेच पाऊल मागे.
शेजारी आले की दोघे एकमेकांना खातात,
भुकटीसुद्धा उरत नाही.
प्रश्न एवढाच, ती म्हणाली,
हा शब्द चालत गेलात, तर शेवटी घरी पोचता का?
काही गटांत हे झटक्यात कळतं.
काही गटांत प्रत्येक शब्दाला उत्तर देईल
असं यंत्रच बनत नाही, कधीच.
हे सांगताना तिनं चष्मा पुसला,
जणू दोष काचेचा.

चारला धुकं आलं.
एलिसेओ म्हणाला, सोपं आहे, आलो तो शब्द उलटा वाचा.
शेवटचं पाऊल आधी. मोजे घालून बूट घातले,
तर काढताना आधी बूट.
पण शब्द लिहून कुणी ठेवला होता?
दोनदा डावीकडे, नुग्झार म्हणाला.
तीनदा, वेइक्को म्हणाला.
शब्दानं शब्द वाढत गेला,
काहीच खोडलं गेलं नाही.
आम्ही कागदावर काढतो त्या झाडांत
वळसा घालून परत येता येत नाही.
ही खरी झाडं होती.
तिसऱ्यांदा तोच पाइन आला,
त्याच्या फांदीवर वेइक्कोचा मफलर.

तेवढ्यात हाल्श्का, गुडघ्यापर्यंत रबरी बूट,
हातात अळंब्यांची बादली.
हसली नाही. म्हणाली, इथे कुठूनही कुठेही जा,
स्टेशनावरून चर्चला, चर्चवरून शाळेला,
शाळेवरून स्टेशनला,
पडक्या गिरणीवरूनच जावं लागतं.
झ्जिस्लावा भाषांतर करता करता थांबली.
बारीक त्रिकोण! ती ओरडली,
पोटात आवळलेला, तिन्ही बाजू एकमेकींना लागून!
विद्यार्थ्यांना समजावताना तिची तीन सत्रं गेली होती,
आणि ते आता बादली घेऊन पुढे चाललं होतं.

गिरणीपाशी नुग्झार मागे राहिला. मी थांबलो.
त्याचं घर सुखुमीत होतं. सुटलं तेव्हा तो सहा वर्षांचा.
शब्द अजून पाठ आहे, म्हणाला:
जिना, फाटक, निलगिरीची रांग, उजवीकडे समुद्र.
मग पायानं एक खडा उडवला.
उलटा पण येतो. चालता येत नाही.
मला काही सुचलं नाही. गणितातलं तर नाहीच.

पायरीवर सतरा जोडी बूट निघाले, मग मोजे.
आत आंबूस झुरेक, वर तरंगणाऱ्या अळंब्या.
चमचा तोंडाशी नेता नेता एलिसेओनं विचारलं,
ह्या खाण्याच्याच आहेत ना?
झ्जिस्लावानं विचारून सांगितलं:
हाल्श्का म्हणते, सकाळी कळेल.

गुरुवारी नऊचं व्याख्यान.
मी दारात उभा राहून मोजले.