समास

टर्कीनच्या आवारात दुपारची वीज जाते.
जनरेटर घरघरेपर्यंत
प्राध्यापक इंद्राणी सुकडू खिडकीपाशी सरकतात,
मांडीवर निबंधांचा गठ्ठा,
लाल पेन अंबाड्यात खोचलेलं.

बावीस वर्षं त्या शिकवतायत
समुद्र ओलांडून आणलेल्यांचं लेखन,
साम्राज्य ओसरल्यावर गाळात उरलेली भाषा,
समासात ढकललेली माणसं.

आज केरॉन अडोनिसचा निबंध.
त्याची आजी म्हणायची,
कोकरचं दार उचललं की
पाणी आधी मागं वळून बघतं, मग समुद्रात जातं.
त्या ओळीशेजारी, समासात,
बाईंनी लिहिलं होतं : संदर्भ?

तो दारात उभा. चिडलेला नाही, नुसता उभा,
चपलांना बांधावरचा चिखल.
तळटीप घालून आणलीय :
‘मिसेस एस्मी अडोनिस, कोकर-राखणदाराची विधवा.
मंगळवार, ओहोटीची वेळ. बसून सांगितलं.
पान क्रमांक नाही.’

बाई हसल्या. मग हसायच्या थांबल्या.
कपाटातून एक झेरॉक्स काढली,
जहाजाच्या नोंदवहीतलं पान :
नाव, बापाचं नाव, उंची, अंगावरची खूण.
पणजोबांच्या नावाचं कारकुनानं जे केलं
तेच आज यांच्या पासपोर्टवर.
“ह्याला नाही कधी विचारलं संदर्भ.
शिक्का होता ना.”

मी त्या टेबलाची एका सत्रापुरती पाहुणी.
मला शाळेतला दुसरा समास आठवला,
मध्यमपदलोपी, उदाहरणार्थ पुरणपोळी :
पुरण दिसतं, पोळी दिसते,
‘घालून केलेली’ गळून जाते,
आणि करणारी तर विग्रहातही सापडत नाही.
इंडो-गयानीज हाही तसलाच शब्द,
मधलं जहाज गाळलेलं.
बोलले नाही.
नुसती पुरणपोळी समजावण्यातच ओहोटी संपली असती.

वीज आली. पंख्यानं दोन निबंध जमिनीवर टाकले.
बाईंनी ‘संदर्भ?’ खोडलं नाही.
त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं : ओहोटी किती वाजता?
म्हणाल्या, शनिवारी मला घेऊन चल तिच्याकडे.
काय आणू? गोड चालतं का तिला?

ती मार्चमध्ये गेली, मिस.

पेन परत अंबाड्यात जाईना,
दोनदा निसटलं.
केरॉननं खालचे कागद गोळा केले,
पानं क्रमानं लावली.
तरी चला, म्हणाला,
दार अजून उचलतात.