दाताळं

ठाण्याच्या स्टेडियममध्ये मी एकतीस वर्षं
वाळू सपाट केली.
पगारपत्रकात हुद्दा माळी.
हातात दाताळं, लाकडी, अकरा दातांचं,
आणि काम एवढंच, की कुणी जिथं पडलं
तिथं कुणी पडलंच नव्हतं
असं करून ठेवायचं.

मथुरा मढवी घणसोलीहून यायची,
दोन बस बदलून.
पिशवीत तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलांची चटणी.
बाप मिठागरावर. पोर बांधावरून बांधावर
उड्या टाकत शाळेत गेलेली,
तिला तिहेरी उडी कुणी काय शिकवायची?
लंगडी, टांग, झेप.
तिसऱ्यात ती घटकाभर
कुणाचीच नसायची,
ना बापाची, ना प्रशिक्षकाची.
मग वाळू.

बारा मीटर सत्त्याऐंशी. राज्याचा विक्रम.
टाळ्या चालू होत्या
आणि मी तो खड्डा बुजवत होतो.
पुढची मुलगी खोळंबली होती.

पण त्याच्या आधीची उडी!
लाल झेंडा. पाटीपुढच्या मेणमातीत
बुटाच्या टोकाचा ठसा, नखाएवढा.
वाळूत ती तेराच्याही पलीकडं उतरली होती,
मी पाहिलं. फीत कुणी लावलीच नाही.
नियम म्हणजे नियम.
संध्याकाळी पट्टी बदलताना
ठशाचा वीतभर तुकडा कापून
मी तंबाखूच्या मोठ्या डब्यात ठेवला.
का, ते विचारू नका.
जन्मभर पुसायचं काम,
एखादी गोष्ट राहू द्यावी माणसानं.

पुढं तिचा गुडघा गेला.
टपाल खात्यात नोकरी, काउंटरमागं स्टूल,
लोक तिच्याकडून तिकिटं घ्यायचे आणि ओळखायचे नाहीत.
साडेबारा टक्क्यांचा प्लॉट आला तेव्हा
भाऊ म्हणाले, हक्कसोडीवर सही कर.
तिनं केली नाही.
दोन वर्षं घरात तिच्याशी फक्त लहान पोरं बोलली.
मला म्हणाली,
"उडी बारा सत्त्याऐंशी, जमीन साडेबारा.
माजा सगलाच बाराच्या भावान गेला, काका."
आणि हसली, गुडघ्यावर हात ठेवून.

तो पैसा कुठं गेला
ते येऊरला पाटोणपाड्यात जाऊन बघा.
लाल मातीची धावपट्टी, पाणी मारून चोपलेली,
पुढं वाळू, बाजूला पत्र्याची खोली.
खोलीत ट्रंक, ट्रंकेत तेवीस जोड बूट,
तळव्यावर मार्करनं नंबर,
आणि अंड्यांचे ट्रे, मोजून.
प्रत्येक पोरीच्या नावाची वही.
उडीच्या रकान्याआधी एक रकाना,
'काल रात्री काय खाल्लं'.
तिथं नुसती रेघ असली
तर त्या दिवशी उडी नाही, आधी अंडी.

नगरसेवक बोर्ड लावायला आला होता, तिच्या फोटोचा.
ती म्हणाली, दिवा लावा.
बिबट्या येतो.
खरंच येतो. एका सकाळी
वाळूत त्याचे पंजे निघाले.
पोरींनी फीत लावली. साडेतीन मीटर,
आणि फाऊल नाही.

मी रिटायर झालो त्याच आठवड्यात तिचा फोन.
"दाताळं घेऊन या."
तेव्हापासून रविवारी येऊरची पहिली बस.

परवा चिमी वरठाची पाळी,
आणि पाटीपुढची मेणमाती संपलेली.
नवी आणायची तर खाली ठाण्यात, आणि दुकान बंद.
मी डबा काढला.
मथुरानं उघडला.
ठशावर बोट ठेवलं. बराच वेळ.
"तीच का ही?"
"तीच."
ही माती वाळत नाही, एवढंच तिचं वैशिष्ट्य.
हातात धरली की नरम होते.
तिनं धरली. मळली.
पाटीपुढं दाबून अंगठ्यानं सारखी केली,
टोकापासून टोकापर्यंत,
मी एकतीस वर्षांत वाळू केली नसेल इतकी सपाट.

मला काही बोलायचं होतं.
पण चिमी धावत सुटली होती.
लंगडी, टांग,
आणि मग ते, ज्याला शब्द नाही.

सवयीनं मी दाताळं उचललं.
"थांबा काका," मथुरा ओरडली,
"आदी मोजू द्या."