मानशीचा पंचनामा

घटनास्थळ: चोडण, खाजनाचा बांध, मानस नंबर दोन.
वेळ कायतानला विचारली, तर म्हणाला,
"भरती अर्ध्यावर होती, चंद्र माडाच्या कमरेला."
मी लिहिलं: पहाटे तीन, अंदाजे.

मानशीची खालची फळी काढलेली.
वरची जागेवर, म्हणजे लांबून बघणाऱ्याला
दार मिटलेलंच दिसावं.
दोर कापलेला नाही, सोडवलेला.
गाठ ज्याला ठाऊक, त्यानंच.
हे वाक्य साहेबांनी नंतर खोडलं.

तोंडाशी जाळं. जाळ्यात दोन खेकडे, जिवंत.
मुद्देमाल म्हणून खेकडा सील कसा करावा
हे कुठल्याच परिपत्रकात नाही.
सोडून दिले.
तिरका तिरका चालत पुरावा पाण्यात गेला.

पूर्वी चारशे तीस लागायचं, आता तीनशे सव्वीस.
कैद पाच वर्षांपर्यंत, तेव्हाही, आताही.
घरफोडी लिहायला हात सरावलेला माझा;
मांडवी रात्रीची शेतात शिरली
हे कुठल्या रकान्यात?

आरोपी शाबी चोडणकर. मानस त्यानंच लिलावात घेतलेली,
मासळीपुरती.
भरतीला जेवढं आत घ्यावं, ओहोटीला तेवढं जाळ्यात.
बांधावर जमलेल्या कुळांना म्हणाला,
"लिलावाची बोली तुम्ही चढवलीत.
मासे कोण चढवणार होतं?"
कुणी उत्तर दिलं नाही. मीही लिहिलं नाही.

नुकसानीची रक्कम, असा एक रकाना असतो.
एस्पेरान्सबाय गुडघाभर चिखलात उतरली,
कोरगुटाचं रोप उपटून माझ्या हातावर ठेवलं.
"चाख."
चाखलं, वर्दीसकट.
"ह्या भाताला थोडं मीठ चालतं," ती म्हणाली,
"जसं आपल्याला. एवढं नाही."
रकाना कोराच ठेवला, कृषी खात्याकडून मागवू म्हणून.

पंच म्हणून सही करताना कायतान थांबला.
कागदाकडे नाही, फळीकडे बघत होता.
"माझ्या पायनं बसवली ही. खिळा एकसुद्धा नाही."
मग सही केली, बरीच खाली, समासाबाहेर.

परतताना फेरीबोटीत कागद पुन्हा वाचला.
सगळं आलं होतं:
फळी, दोर, जाळं, भरती.

फक्त गेल्या मंगळवारी
बाजारात सुंगटं निम्म्या दरानं होती.
"चोडणची," कोळीण म्हणाली, "आजच रातची."
पिशवीभर घेतली.
हुमण झालं.
दोनदा भात घेतला मी.