ड्रायव्हर खाली

कुपवाडच्या वजनकाट्यावर नऊ वर्षं
मी एकच वाक्य बोललो :
ड्रायव्हर खाली.
खिडकीतून हात काढून,
पावसात छत्रीच्या दांड्यानं काच वाजवून,
तोंडात भाकरीचा घास असताना.
ड्रायव्हर उतरायचा, लुंगी झटकायचा,
आकडा साठ-सत्तर किलोनं घसरायचा
अन् उरेल ते खरं वजन.
त्याच्यावर माझी सही.

सोमवारी लायसनसाठी डोळे तपासले.
खालची ओळ मी अंदाजानंच वाचली.
डॉक्टर म्हणाला, काका, आता परत चालवणार?
शालनला सांगितलं, पोरीची फी आहे.
आवटीशेठला सांगितलं, बसून बसून कंबर धरली.
गंमत म्हणजे गाडी सोडतानाही
कंबरेवरच ढकललं होतं.

खरं ते हिरियूरच्या पुढं राहिलंय.
पहाटेचे साडेतीन, बेदाण्याचा माल,
आणि डोळा लागला.
किती? काडी ओढून विडी पेटते तेवढा.
जाग आली तर गाडी आपली नीट चाललेली,
पट्ट्याच्या आत, सुतात,
माझ्यावाचून.
काही झालं नाही.
कुणी मेलं नाही, आरसासुद्धा फुटला नाही.
दस्तगीर शेजारी तोंड उघडं टाकून झोपलेला.
त्याला सांगितलं नाही. कुणालाच नाही.
सांगलीत आलो, चावी शेठच्या टेबलावर ठेवली
आणि पाणी मागितलं.

नवी गाडी बारा चाकांची.
स्टेअरिंग एका बोटानं फिरतं;
मला दोन्ही खांदे लावायची खोड,
यार्डाच्या कमानीचा खांब थोडक्यात वाचला.
जिथं हात जातो तिथं गिअर नाही.
डिझेलबरोबर युरियापण पिते म्हणे,
आमच्या उसासारखी.
शेठच्या मोबाईलवर मी निळा ठिपका आहे.
आष्ट्याला चहाला थांबलो
तर चहा येण्याआधी त्याचा फोन येणार.

मागं घेताना कॅमेरा टूं टूं करतो.
दस्तगीर फाळक्यावर थाप मारायचा :
येऊ दे, येऊ दे, येऊ दे, हाण... बास्स!
त्याच्या बास्सनंतर वीतभर जागा उरायचीच,
अंधारात, गुडघाभर चिखलात, कुठंही.
आता तो मिरजेत पोराच्या बेकरीत गल्ल्यावर असतो.
काल फोन लावला, म्हटलं, निघालोय परत.
तो म्हणाला, येऊ दे, येऊ दे,
आणि खोकला लागेपर्यंत हसत बसला.

संध्याकाळी हळद भरली, वाशीचा माल.
हमालांच्या भुवया पिवळ्या, माझी चावी पिवळी.
काट्यावर गाडी चढवली.
माझ्या खुर्चीत नवं पोरगं, कानात गाणी,
मान वर न करता म्हणालं,
ड्रायव्हर खाली.

उतरलो.
पायरी पूर्वीपेक्षा उंच, की गुडघा पूर्वीपेक्षा खाली,
कळलं नाही.
बाजूला उभा राहिलो, जिथं ते सगळे उभे राहायचे,
हात कुठं ठेवावेत न सुचून.
लाल आकडा थरथरला, ऐंशीनं उतरला.
(पासष्टचा होतो मी. खुर्चीनं वाढवलं.)
पावती फाटली. पोरगं पुढच्या गाडीकडं बघायला लागलं.
मी दांडा धरून वर चढलो
तेव्हा आकडा पुन्हा ऐंशीनं वर गेला.
तो कुणी लिहून घेत नाही.

पेठ नाक्याच्या अलीकडं काच खाली केली.
डब्याच्या पिशवीत कागदाची एक पुडी निघाली, लवंगा.
निघताना शालन चपलेचा बंद बघत बोलली होती :
दाताखाली धरा,
साडेतीनच्या सुमाराला.