आतला थर

सातपूरच्या कारखान्यात मी होज तपासतो.
आत गुळगुळीत नळी, मधे विणलेली जाळी, वर काळं रबर.
तीन थर. सतरा वर्षं.
बाहेरून होज ठणठणीत दिसतो
आणि आत पहिला थर सुटलेला असतो.
तेल त्या फटीत शिरतं, स्वतःची वाट करतं,
खरी वाट दाबत जातं.
अशा नगावर आम्ही लाल खडूने फुली मारतो
आणि चहाला जातो.

तेजलला तेहतिसावा आठवडा होता.
डिसेंबर, पहाटेचे पावणेपाच.
ती उठून बसली, म्हणाली,
पाठीत कुणी कापड टरकावतंय.
आई म्हणाली, गॅस असेल, ओवा दे.
मी ओवा दिला.
हे लिहूनच ठेवायचं आहे मला: मी ओवा दिला
आणि वीस मिनिटं तिची पाठ चोळली.

पहिल्या दवाखान्यात ॲसिडिटीचं इंजेक्शन.
दुसरीकडे, मुंबई नाक्यापाशी,
रात्रपाळी संपत आलेली डॉक्टर पठाण,
स्वेटरच्या बाह्या वर सारलेल्या.
तिने उजव्या हाताचं बीपी घेतलं,
मग डाव्याचं,
मग पुन्हा उजव्याचं.
दीडशे. एकशे दहा. दीडशे.
तेजलची बोटं हातात धरून पाहिली,
लांब, जरा जास्तच लांब.
घरात कुणी असं अचानक?
बाबा, तेजल म्हणाली. एकेचाळीसचे होते.
पिंपळगावच्या बाजारात, द्राक्षांच्या क्रेटवर बसल्या बसल्या.
सगळे अटॅकच म्हणाले.

सीटीच्या दाराशी मी विचारलं, पोटातल्याला किरणं?
न बघणं जास्त धोक्याचं, पठाण म्हणाली,
आणि स्ट्रेचर स्वतःच ढकललं.

डॉक्टर झनकरांनी कागदावर महाधमनी काढली.
हृदयातून निघते, इथे आतला थर फाटलाय,
रक्त दोन थरांच्या मधे—
कळलं, मी म्हणालो.
ते थांबले. एवढ्या लवकर कुणाला कळत नसावं.
साहेब, मी होज तपासतो. फुटतो कधी?
दर तासाला शंभरातले एक-दोन जातात, ते म्हणाले.
मी घड्याळाकडे पाहिलं.
ओवा. वीस मिनिटं.

नाडी साठावर आणायची, बीपी खाली.
आधी सिझर, मग त्याच टेबलावर छाती.
मशीनसाठी रक्त पातळ करावं लागणार
आणि नुकत्याच रिकाम्या झालेल्या पिशवीला
तेच रक्त थिजायला हवं असणार.
सही इथे. इथे. आणि इथे.

नऊ वाजता मुलगी. एक किलो आठशे.
रडली, असं सिस्टरने सांगितलं.
मग त्यांनी तेजलला गार केलं, वीस अंशापर्यंत.
बाहेर रिक्षावाले टायर जाळून शेकत होते.
बावीस मिनिटं तिच्या अंगात रक्त फिरत नव्हतं.
ती बावीस मिनिटं मी कुठे होतो, मागाहून हिशोब केला:
कॅन्टीनमध्ये, पोह्यांच्या रांगेत,
कारण आईने काही खाल्लं नव्हतं.

तशीच एक नळी झनकरांच्या टेबलावर होती.
पांढरी, विणलेली, चुण्यांची.
मी दाबून पाहिली, शिवण पाहिली, बॅच नंबर शोधला.
ते हसले नाहीत.

आता रोज पाच गोळ्या. बादलीसुद्धा उचलायची नाही.
दुसरं मूल नाही.
खाली पोटाकडे फाटलेलं थोडं तसंच आहे,
त्याच्यावर दर सहा महिन्यांनी नजर ठेवायची.
मुलीचंही रक्त पाठवलंय, रिपोर्ट यायचाय.
आई तिची बोटं कौतुकाने ताणून दाखवते पाहुण्यांना.
मी दुसरीकडे बघतो.

नळीबरोबर झडपही बदलली, ती टिकटिकते.
रात्री पंखा बंद असला की मला गादीवरून ऐकू येते.
पावणेपाचला जाग येते, मी मोजत बसतो.
झोप रे, तेजल म्हणते, मोजून वाढणारेत का?
मुलगी पिता पिता थांबते, कान देते,
पुन्हा प्यायला लागते.
तिला वाटत असेल, सगळ्याच आया अशा वाजतात.