पंचवीस टक्के जास्त

मे-जूनचे पाच आठवडे
हडर्सफील्डच्या एका कॉलेजात
मी दुसऱ्याचा उजवा हात असते.
तासाला साडेबारा पौंड, चहा ज्याचा त्यानं आणायचा.
गळ्यातल्या कार्डावर 'धोपेश्वरकर' मावत नाही,
म्हणून मिसेस डी. खाली बारीक अक्षरात : लेखनिक.

खोली चौदा. पूर्वी इथे वाद्यं ठेवत.
कोपऱ्यात एक चेलो राहून गेलाय,
खोळ घालून, भिंतीकडे तोंड करून,
कॉपी करताना सापडल्यासारखा.
दारावर कागद : शांतता राखा, परीक्षा चालू आहे.
आत मात्र बोलायलाच हवं,
त्यासाठी तर ही वेगळी खोली.

रोरी ओल्डरॉइड. वय अठरा. विषय भूगोल.
हाताला कंप, लहानपणापासून.
शर्टाची बटणं लावायला सात मिनिटं लागतात.
त्यानंच सांगितलं. मोजलीत म्हणाला,
फॉर्ममध्ये रकाना असतो.
अडीच तासांच्या पेपरला पंचवीस टक्के जास्त,
म्हणजे साडेसदतीस मिनिटं.
त्या मिनिटांसाठी त्याची आई दोन वर्षं
पत्रं लिहीत होती.

नियम सोपा : तो म्हणेल तेच लिहायचं.
सुचवायचं नाही. दुरुस्त करायचं नाही.
भुवईसुद्धा जागची हलता कामा नये.
आणि मी बाई
कोल्हापुरात छापखान्यात अकरा वर्षं मुद्रितं तपासलेली,
लग्नपत्रिकांतल्या वेलांट्यासुद्धा
जेवता जेवता दुरुस्त करणारी.

प्रश्न चौथा. होल्डरनेसचा किनारा,
जिथे समुद्र दर वर्षी दोनेक मीटर जमीन गिळतो.
रोरी डोळे मिटून सांगत होता,
शेतं, रस्ता, कॅराव्हॅनचा तळ, सगळं कड्यावरून खाली.
सुरेख सांगत होता.
मग म्हणाला,
"हे सगळं मुख्यतः संचयनामुळे."

खनन, वहन, संचयन.
सातवीच्या पुस्तकातली नदी
माझ्या डोक्यातून धडधडत गेली.
खनन रे बाबा, खनन!
पेन अर्धा श्वास थांबलं.
थांबणं म्हणजे सुचवणंच का?
नियमावलीत अर्ध्या श्वासाबद्दल काही नाही.
मी लिहिलं : संचयन.
सुवाच्य. ठळक.
आयुष्यात इतकं चुकीचं
इतक्या सुंदर अक्षरात कधी लिहिलं नव्हतं.

मोठ्या हॉलमधली मुलं सुटली. जिन्यावर धाडधाड पावलं.
आमच्याकडे उरली साडेसदतीस.
तो उठला, खिडकीपाशी उभा राहिला, पाणी प्याला,
निम्मं शर्टावर.
म्हणाला, "चौथा वाचून दाखवा."
मी वाचला, रेल्वेच्या घोषणेसारखा,
कुठल्याच शब्दावर जोर न देता.
'संचयन'वरूनही तशीच सपाट गेले.
तो दोन वाक्यं पुढे गेलेला,
मग एकदम हसायला लागला.
"अख्खा किनारा वाढवून ठेवला की मी!"
खोडा म्हणाला. मी एकच रेघ मारली, नियमाप्रमाणे.
वरती लिहिलं त्याचं खनन.
घड्याळात तेव्हा एकोणीस मिनिटं शिल्लक होती.

नोव्हेंबरात बक्षीस समारंभ.
मला त्या रात्री कोटांच्या खोलीवर नेमलं होतं.
भूगोलाचं पारितोषिक : रोरी ओल्डरॉइड.
प्राचार्य म्हणाल्या, "अडचणींवर मात करून..."
तो मंचावरूनच छताकडे बघत राहिला.
उत्तरपत्रिकेवर अक्षर कुणाचं होतं,
हे कुणी विचारलं नाही, विचारूही नये.
अक्षर माझं. चूक त्याची. दुरुस्तीही त्याचीच.

मग तो कोट घ्यायला आला,
प्रमाणपत्र दातांत धरून.
कोट चढवला. चेन लावायला घेतली.
लागेना. पुन्हा. पुन्हा.
मागे रांग वाढली, कुणीतरी खाकरलं.
मी माझे दोन्ही हात काउंटरखाली धरून उभी राहिले.
त्यानं अजून काही सांगितलं नव्हतं.