छोटा दांडा

धारणीच्या पुढे डांबर संपतं तिथे एक पळस आहे.
त्याखाली सोमजी मावस्कर जीप थांबवतो,
उतरतो, आणि पुढच्या चाकांचे हब हातानेच फिरवतो.
डावं. मग जीपला वळसा घालून उजवं.
मी काच खाली केली. "माझ्यात हे आपोआप होतं."
"बरं हाय," तो म्हणाला.

माझी गाडी पांढरी. मागे चकचकीत नाव,
त्याखाली बारीक अक्षरांत: चारही चाकांना ताकद.
अमरावतीच्या शोरूममध्ये ते वाक्य मी दोनदा वाचलं
आणि चौऱ्याऐंशी हप्त्यांवर सही केली.
पडद्यावर एक बटण, बटणावर डोंगराचं चित्र.
असला डोंगर आमच्या मेळघाटात नाही:
त्रिकोणी, टोकावर बर्फ.

भोंड्याढाण्याच्या उपकेंद्रात लसींच्या फ्रिजसाठी
दोन बॅटऱ्या पोचवायच्या होत्या.
एक त्याच्याकडे, एक माझ्याकडे.
एक तरी पोचेल, असं चिंचमलातपुरे बाई
म्हणाल्या नाहीत, पण वाटणी तशीच केली.

दिवाळी आठ दिवसांवर. काळ्या मातीवर पापुद्रा धरलेला,
आत अजून ओल.
पहिले तीन किलोमीटर मी पुढे होतो, हे नोंदवून ठेवतो.
गार हवा, आणि आरशात ती जीप
जुन्या ट्रंकेसारखी खडखडत, दार सुतळीने बांधलेली.
सागाची पानं टपावर पडत होती, एकेक, ताटाएवढी.

मग खंडूच्या अलीकडचा ओहळ.
बैलगाड्यांनी कोरलेले दोन खड्डे,
एक इकडे, एक जरा पुढे तिकडे,
आणि माझी गाडी पाय मोडक्या खाटेसारखी
दोनच कोपऱ्यांवर उभी.
पुढचं डावं चाक हवेत. मागचं उजवं हवेत.
तीच दोन फिरत होती जीव तोडून,
जमिनीवरची दोन नुसती बघत होती.
आतून कसलासा संगणक टकटक ब्रेक लावत होता,
वर्ग रिकामा असताना मास्तरने टेबलावर छडी आपटावी तसा.
मग पोटाला दगड लागला. तो आवाज
मी अजून दातांत ऐकतो.

सोमजी वाकला. हवेतल्या चाकाला बोट लावलं.
ते फिरलं, बिचारं, पंख्यासारखं.
"ताकद हाय साहेब. जमीन नाई."

त्याच्या जीपमध्ये दोन दांडे. मोठा सगळ्यांना माहीत असतो.
छोट्याची मूठ केव्हाच हरवलेली,
तिथे तेंदूचं लाकूड घासून बसवलंय.
तो त्याने मागे ओढला आणि इंजिनाचा सूर उतरला,
विहिरीतून कुणी बोलावं तसा.
चालत्या माणसाहून हळू ती ओहळात शिरली.
एक चाक खाली लोंबलं, हाताने तळ चाचपावा तसं,
तळ सापडला, मग दुसरं.
पलीकडून साखळी टाकली आणि मला, बॅटरीसकट,
गाळात रुतलेलं ढोर काढतात तसं काढलं.

इथे थांबलो तर जीप जिंकते.
पण परतताना ती उपकेंद्राच्या अंगणातच राहिली.
रेडिएटर, तिची जुनी तक्रार.
तो माझ्या शेजारी बसला, परतवाड्यापर्यंत.
घाट उतरल्यावर मी नव्वद गाठले.
त्याने काचेला कान लावला.
"मायी गाडी चाळीसच्या वर गेली का दातच वाजते,
अन् हे तं बोलतच नाई."
मग भावाच्या म्हशीचं काही सांगता सांगता झोपला.
तोंड उघडं. डावा हात मात्र मांडीजवळ वळलेला,
छोटा दांडा असतो तिथे.

खालची प्लेट बदलायला अमरावतीला गेलो.
मुलाने टॅब काढला. कुठे घासली?
मी गावाचं नाव सांगितलं. यादीत सापडेना.
पुन्हा सांगितलं, सुटं सुटं: भों-ड्या-ढा-णा.
तो यादी वर सरकवत गेला,
नागपूर, वर्धा, यवतमाळ, अगदी तळापर्यंत,
आणि 'इतर'वर बोट ठेवलं.